रणशेष : रणांगणावर राहिलेल्या शस्त्रांचा राक्षस (डी अँड डी, होमब्रू)

वीसमुखी

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळणाऱ्या, आणि विशेषतः डीएमची (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची) खुर्ची सांभाळणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. होमब्रू म्हणजे आपण स्वतः रचलेलं.

माझ्या कॅम्पेनमधली (अनेक बैठका चालणारी गोष्ट) पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) आता पाचव्या लेव्हलला आली आहे आणि पुढच्या टप्प्यात त्यांना एक जुनं रणमैदान ओलांडायचं आहे. तिथे मला चिलखतं, ढाली, भाल्यांची पाती, शिरस्त्राणं, घोड्यांचे लगाम असं सगळं एकत्र होऊन उठलेला राक्षस हवा आहे. नाव ठेवलंय रणशेष.

तयार राक्षस आहेत, नाही असं नाही. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (खेळाचं राक्षसांचं पुस्तक) ॲनिमेटेड आर्मर, म्हणजे जादूने चालणारं चिलखत आहे (एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १८; एचपी, म्हणजे जीव, ३३; सीआर, म्हणजे कठीणपणा, १), उडती तलवार आहे (एसी १७, एचपी १७, सीआर १/४) आणि थोडा वरच्या दर्जाचा हेल्म्ड हॉरर आहे (एसी २०, एचपी ६०, सीआर ४). तिन्ही मी वापरले आहेत आणि तिन्ही मला आवडतात. पण ते पहारेकरी आहेत. कुणा जादूगाराने मुद्दाम घडवून दारात उभे केलेले. रणांगणावरच्या लोखंडाला असा कुणी धनी उरलेला नसतो. त्यामुळे ॲनिमेटेड आर्मरलाच थोडा गंज चढवून मैदानात आणून सोडलं तर ते उपरं वाटतं.

मी बरेच दिवस एका प्रश्नाभोवती फिरतोय : लढाई झाल्यावर मैदानात लोखंड उरतंच कसं? जुन्या काळी लोखंड म्हणजे पैसा. एक चांगलं कड्यांचं चिलखत म्हणजे हजारो कड्या, एकेक ओवून रिव्हेट मारलेली. ते कोण सोडून जाईल? ११व्या शतकातल्या बायो टॅपेस्ट्रीच्या खालच्या पट्टीत हेस्टिंग्जच्या लढाईत मेलेल्यांच्या अंगावरून चिलखत डोक्यावरून ओढून काढणारी माणसं भरतकामात दाखवली आहेत. वर लढाई चालूच आहे आणि खाली लूट सुरू झाली आहे. बहुतेक रणांगणांचं असंच होत असणार. जिंकलेले सैनिक, त्यांच्यामागचे बाजारबुणगे आणि मग आसपासच्या गावचे लोक, सगळं साफ.

म्हणून जिथे शस्त्रं उरली तिथे ती उरण्याला काहीतरी जबर कारण असणार. माझं म्हणणं एवढंच आहे की ते कारण आधी ठरवा, मग राक्षस आपोआप तयार होतो. त्याची ताकद, त्याचा कच्चा दुवा, तो शांत कसा होतो, सगळं त्यातूनच येतं.

मला तीन खरी कारणं सापडली.

पहिलं, उन्हाळा. २७ जुलै १३६१. डेन्मार्कचा राजा वाल्देमार आत्तेरदाग बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर उतरला. विस्बी शहराच्या तटाबाहेर बेटावरच्या शेतकऱ्यांनी त्याच्याशी लढाई केली. शहराने दरवाजे उघडले नाहीत. शेतकरी तटाखाली कापले गेले आणि मग शहराने शरणागती पत्करली. मेलेल्यांत कोवळी पोरं होती, म्हातारे होते. भर उन्हाळ्यात एवढी प्रेतं भराभर पुरावी लागली, त्यामुळे चिलखतं काढण्याइतकी सवडच मिळाली नसावी. १९०५ पासून तिथे उत्खनन झालं, तेव्हा सामूहिक कबरींत हजारावर माणसं सापडली, कित्येक अंगावरच्या चिलखतासकट.

दुसरं, नवस. डेन्मार्कमध्ये इलेरूप ओडाल नावाचं खोरं आहे. इसवी सन २०० च्या सुमारास तिथे तळं होतं. हरलेल्या सैन्याची शस्त्रं विजेत्यांनी त्या तळ्यात अर्पण केली. पण नुसती टाकली नाहीत. तलवारी वाकवल्या, भाले मोडले, ढाली फोडल्या, काही जाळल्या, आणि मग पाण्यात. सुमारे पंधरा हजार वस्तू मिळाल्या आहेत. शस्त्राचाही जीव घ्यायचा आणि ते देवाला द्यायचं, असा हा प्रकार.

तिसरं, विजयाची खूण. प्राचीन ग्रीसमध्ये शत्रूने जिथे पाठ फिरवली नेमक्या त्या जागी एक खांब किंवा झाडाचं खोड उभं करत आणि त्यावर शत्रूचं शिरस्त्राण, छातीचं कवच, ढाल असं माणसासारखं चढवत. त्याला त्रोपाइऑन म्हणत. ते देवाचं, म्हणून कुणी हात लावायचा नाही. म्हणजे आपला राक्षस अर्धा उभाच केलेला आहे!

सांगाडा असा धरलाय : लार्ज, एसी १६, एचपी ९४, स्पीड २५ फूट, ब्लाइंडसाइट (न बघता जाणवणं) ६० फूट, स्ट्रेंग्थ (ताकद) १६. एका टर्नला दोन फटके, वाराच्या फाशावर +५, प्रत्येकी २डी८+३ (दोन आठमुखी फासे अधिक ३) नुकसान. एचपी निम्मे झाले की अंगातून दोन ॲनिमेटेड आर्मर सुटून वेगळे लढायला लागतात. एक खास गुण : त्याच्यावर वार करताना वीसमुखी फाशावर नैसर्गिक १ पडला तर डीसी १३ चा स्ट्रेंग्थ सेव्ह (फासा टाकून किमान १३ गाठायचे), नाहीतर तुमचं साधं शस्त्र त्याच्या अंगात ओढलं जातं आणि त्याचंच होऊन जातं.

आता यावर तीन कारणांचे तीन अवतार चढवायचे आहेत. सूचना हव्यात.

शमी

विषय फार आवडला. लूट का झाली नाही हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. आता प्रत्येक डन्जनमध्ये विचारणार.

माझी शंका प्रकाराबद्दल. हा कन्स्ट्रक्ट (जादूने घडवलेली वस्तू) की अनडेड (मरून उठलेला)? आमच्या ग्रुपमध्ये मी क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) खेळते. जुनं रणांगण, मेलेले सैनिक, एवढं वातावरण तयार करून डीएमने सांगितलं की टर्न अनडेड (अनडेडना पळवून लावणारी क्लेरिकची शक्ती) लागू नाही, कारण तो कन्स्ट्रक्ट आहे, तर माझा जीव तुटेल. तो प्रसंग क्लेरिकचा आहे. तिला त्यातून वगळू नका.

डोंबिवलीचा डीएम

कन्स्ट्रक्टच ठेवा. पॉयझन, सायकिक, चार्म, फ्राइटन या सगळ्यांची इम्युनिटी ॲनिमेटेड आर्मरकडून आयती मिळते. शिवाय अँटीमॅजिक ससेप्टिबिलिटी. डिस्पेल मॅजिक (जादू मोडणारा स्पेल) मारलं की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, हुकला तर मिनिटभर बेशुद्ध. क्लेरिकच्या यादीत डिस्पेल मॅजिक आहेच, पाचव्या लेव्हलला मिळतं. शमी, तुमचा प्रसंग तिथे आहे.

हिशोब करून पाहिला. डीएमजीच्या (२०१४ चं डन्जन मास्टर्स गाइड) तक्त्यानुसार मूळ राक्षस सीआर ३ च्या घरात बसतो. ७०० एक्सपी (अनुभवाचे गुण), वर दोन आर्मरचे २००-२००, एकूण ११००, तीन शत्रूंचा गुणक दुप्पट, म्हणजे २२००. पाचव्या लेव्हलच्या चौघांना मीडियम (मध्यम कठीण लढाई) २००० ला सुरू होतं आणि हार्ड ३००० ला. म्हणजे मीडियमच्या तळाशी. दिवसाच्या शेवटची लढाई असेल तर ठीक आहे, ताजीतवानी पार्टी याला तीन राउंडमध्ये लोळवेल.

स्टॉकहोमकर

विस्बीचं नाव वाचून राहवलं नाही, म्हणून लॉगिन केलं. नोकरीनिमित्त इथे राहतो. त्या कबरींतल्या वस्तू स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आणि विस्बीच्या गॉटलंड संग्रहालयात मांडलेल्या आहेत. दोन्हीकडे पाहिल्या आहेत.

काचेआड एक कवटी आहे, कड्यांच्या टोपीतच राहिलेली. फोटोत पाहून वाटतं की टोपी वेगळी आणि कवटी वेगळी असेल. तसं नाही. कड्या गंजून एकमेकींना धरून बसल्या आहेत आणि हाडाला चिकटल्या आहेत, त्यामुळे टोपीने कपाळाचा आकार धरून ठेवला आहे. कापडासारखी लोंबणारी कडी एकही नाही. खालच्या बाजूने दात दिसतात. तुमचा रणशेष चालताना खळखळणार नाही हे लक्षात घ्या. सहाशे वर्षांचं गंजलेलं चिलखत वाजत नाही. कुरकुरेल, त्याचे पापुद्रे पडतील.

दुसरी गोष्ट. तिथल्या सांगाड्यांवर पायाच्या नळीवरचे घाव खूप आहेत. धड ढालीने आणि पत्र्यांच्या कोटाने झाकलेलं, म्हणून वार गुडघ्याखाली. विस्बीच्या अवताराला हाच गुण द्या. त्याच्या फटक्याने स्पीड १० फुटांनी कमी, हीलिंग मिळेपर्यंत. पार्टीला पळता येणार नाही, तटाखाली अडकलेल्या त्या माणसांसारखंच.

आणि तो तट अजून उभा आहे. कबरींच्या जागी दगडी क्रूस आहे, त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की गॉटलंडचे लोक विस्बीच्या वेशीपुढे डेन लोकांच्या हातून पडले, इथे पुरले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

वीसमुखी

स्टॉकहोमकर, मनापासून आभार. पायांचा गुण जसाच्या तसा उचलतोय. आणि आवाजाबद्दल म्हणालात ते तर सोनं आहे. आतापर्यंत मी वर्णनात ‘खणखणाट’ लिहीत होतो. आता अंधारात फक्त पापुद्रे चुरल्याचा आवाज येईल आणि पर्सेप्शनचा (चाहूल लागण्याचा) डीसी वाढेल.

शमी आणि डोंबिवलीचा डीएम, तुमच्या वादाचं उत्तरही मला कारणातच दिसतंय. विस्बीत चिलखताच्या आत माणसं आहेत. तो अवतार अनडेड. टर्न अनडेड पूर्ण लागू, आणि लागू झालं की क्लेरिकला आतल्यांचे चेहरे दिसतील. इलेरूपच्या त्या शस्त्रांत मात्र माणसांची हाडं नाहीत. तिथे अर्पण केली ती शस्त्रं आणि सामान. तो कन्स्ट्रक्ट, डिस्पेल मॅजिकने मोडणारा. ग्रीक अवतारही कन्स्ट्रक्ट, आत नुसतं लाकूड. म्हणजे मैदानात पोचल्यावर पार्टीने आधी शोधायला हवं की इथे काय घडलं होतं. हिस्टरी आणि रिलिजनच्या चेकना (पात्राला काय माहीत आहे ते ठरवणारे फासे) प्रथमच खरं काम मिळेल.

मीडियम मुद्दाम ठेवलंय. कारण पुढे सांगतो.

निळा ड्रॅगन

हीट मेटलचं (धातू तापवणारा स्पेल) काय? आमचा बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) प्रत्येक लोखंडी गोष्टीवर हीट मेटल टाकतो. २डी८, पुन्हा पुढच्या टर्नला बोनस ॲक्शनने २डी८. नियम म्हणतो ‘घडवलेली धातूची वस्तू’. रणशेष ही वस्तू की क्रीचर?

डोंबिवलीचा डीएम

काटेकोर वाचलं तर क्रीचर, म्हणून लागू नाही. पण हेल्म्ड हॉररच्या वर्णनात त्याला तीन स्पेलची इम्युनिटी असते आणि सहसा दिल्या जाणाऱ्या तिघांत फायरबॉल आणि लाइटनिंग बोल्टच्या जोडीला हीट मेटल आहे. ज्याचा उपद्रवच होत नाही त्यापासून कुणी संरक्षण का देईल? म्हणजे लिहिणाऱ्यांच्या मनात ते चालतं असं मी धरतो. माझ्या टेबलावर चालतं.

वीसमुखी

माझ्याही टेबलावर चालेल, फक्त इलेरूपच्या अवतारावर नाही. तो पाण्यातून नुकताच वर आलेला, चिखलाने माखलेला. पहिल्या दोन राउंडला हीट मेटलने फक्त वाफ निघेल, चिखल वाळेल. तिसऱ्या राउंडपासून पूर्ण नुकसान. बार्डला वाटलं पाहिजे की चिकाटीचं फळ मिळालं.

कोकणकडा

एवढ्या लांब कशाला जायचं? पानिपत आहे ना आपलं. १४ जानेवारी १७६१. त्याहून मोठं रणांगण आपल्यासाठी कुठलं? लाखाची गोष्ट. भाऊ, विश्वासराव यांची नावं सगळ्यांना पाठ, पण पत्रातल्या त्या ‘खुर्द्या’चं काय? ज्यांची गणतीच झाली नाही ते उठून उभे राहिले तर? माझ्या अंगावर लिहितानाच काटा आला.

शमी

कोकणकडा, कल्पना जबरदस्त आहे, पण मला पानिपतचे लोक राक्षस म्हणून समोर नकोत. ज्यांच्यासाठी आपल्याकडे अजून हळहळतात त्यांच्यावर मी डी२० (वीसमुखी फासा) टाकून वार करू? माझ्याच्याने होणार नाही.

कोकणकडा

वार करायला कोण सांगतंय? तुम्ही क्लेरिक आहात. त्यांना मुक्त करा. त्यांचं कुणी काही केलं नाही म्हणून ते उठलेत.

वीसमुखी

दोघांचंही पटतंय. तरी पानिपत मी घेणार नाही, आणि शमी म्हणतात ते त्याचं अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं पुन्हा लुटीचं. पानिपतावर विजेत्यांनी छावणी आणि मैदान दोन्ही लुटलं. तिथे शस्त्रं उरण्याचं कारण मला सापडत नाही, आणि कारण नसेल तर माझा राक्षस उभा राहत नाही.

पण कोकणकडा, ‘त्यांचं कुणी काही केलं नाही म्हणून उठलेत’ हे वाक्य मी कॅम्पेनच्या वहीत लिहून घेतलंय. लढाई मीडियम ठेवण्याचं कारण नेमकं हेच. एचपी शून्यावर आले की रणशेष कोसळतो, आणि दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पुन्हा उभा राहतो. पार्टीने त्याला रोज हरवावं एवढाच तो कठीण असला पाहिजे. कायमचा शांत करायचा असेल तर ज्या कारणाने तो उरला त्या कारणाचं उत्तर द्यावं लागेल. विस्बीच्या अवताराला स्मारक हवं. तो क्रूस आपल्या खेळात अजून उभारलेला नाही असं मी धरणार आहे.

गद्धेगाळ

स्मारकाबद्दल सुचवू का? आपल्याकडचा वीरगळ घ्या. पार्टीला नुसतं ‘दगड उभारा’ म्हणालात तर एका मिनिटात उरकतील. वीरगळाचे टप्पे वापरा. सगळ्यात खाली लढाई, कधी आडवा पडलेला वीर. त्यावर अप्सरा त्याला वर नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. गोधन वाचवताना मेलेल्याच्या दगडावर गाई कोरलेल्या असतात, त्यावरून कशासाठी मेला ते कळतं.

त्याचं स्किल चॅलेंज (वेगवेगळ्या कौशल्यांच्या चेकची मालिका) करा. खालचा टप्पा कोरायला हिस्टरी, कारण लढाई कशी झाली ते माहीत हवं. मधला रिलिजन. वरचा परफॉर्मन्स किंवा मेसनचं टूल. प्रत्येक टप्पा जमला की संध्याकाळी उठणाऱ्या रणशेषाचे एचपी एक तृतीयांश कमी. तिन्ही जमले की तो उठतच नाही. मी दगड शोधत गावोगाव हिंडतो. शेताच्या बांधावर, देवळामागे, कधी पायरीला लावलेले वीरगळ सापडतात. त्यांच्यावर नाव क्वचित असतं. पण बहुतेक गावांत अजून त्यांना शेंदूर लावतात.

वीसमुखी

हे घेतलं. पूर्णच घेतलं. माझं जग काल्पनिक आहे, त्यामुळे बाल्टिकच्या चिलखताशेजारी वीरगळ उभा राहायला काही अडचण नाही.

निळा ड्रॅगन

इलेरूपबद्दल थोडं वाचलं, त्यातून एक कल्पना. तिथल्या ढालींच्या मधोमध असणाऱ्या धातूच्या वाट्या तीन दर्जांच्या आहेत : मोजक्या चांदीच्या, त्याहून जास्त काशाच्या आणि शेकडो लोखंडी. म्हणजे सरदार, नायक, शिपाई अशी उतरंड सरळ दिसते. राक्षसातही ती ठेवा. अंगभर लोखंडी वाट्या, खांद्यांवर काशाच्या, आणि आत खोलवर कुठेतरी एकच चांदीची. पर्सेप्शन डीसी १५ ने दिसली आणि नेम धरून (एसी १९) फोडली, तर पुढच्या टर्नला रणशेषाला एकच फटका मारता येईल, कारण हुकूम देणाराच गेला.

शिवाय स्वॉर्म (थव्यासारखा राक्षस) का नाही करत? दुसऱ्याच्या जागेत शिरता येतं, एचपी अर्ध्यावर आले की नुकसान निम्मं, हे शस्त्रांच्या ढिगाला छान बसतं.

वीसमुखी

चांदीची वाटी पक्की. स्वॉर्म नको, कारण तो विखुरला की त्याचं माणसासारखं उभं राहणं जातं, आणि मला त्याला खांदे, डोकं, चाल हवी आहे.

ग्रीक अवताराचंही ठरलं. त्याची खूण म्हणजे पाठ फिरवण्याची जागा. सेंटिनल फीटसारखं (पात्राला मिळणारं एक खास कसब) : त्याच्या टप्प्यातून बाहेर जाणाऱ्यावर डिसएंगेज केलं (जपून मागे हटलं) तरी अपॉर्च्युनिटी अटॅक (जाणाऱ्यावर फुकटचा वार), आणि लागला तर स्पीड शून्य. पण मागे मागे सरकत, तोंड त्याच्याकडे ठेवून अर्ध्या स्पीडने गेलात तर वार नाही. नियमात तोंड कुठे आहे हे मोजत नाहीत, म्हणून खेळाडूने टेबलावर तसं बोलून सांगायचं. ग्रीसमधल्या बीओशियात ल्युक्ट्राला (इ.स.पू. ३७१) थीब्जने स्पार्टाला हरवल्याचं स्मारक पुन्हा उभारलेलं आहे, गोल चौथरा आणि वर दगडी ढालींचं कडं. लढाईचा नकाशा मी त्यावरूनच काढतोय. मधे गोल चौथरा, भोवती उघडं मैदान, लपायला काही नाही.

डोंबिवलीचा डीएम

सगळं छान जमतंय. एकच भीती. तुमचे खेळाडू राक्षसाच्या प्रेतावर झडप घालतील. पंधरा हजार वस्तू म्हणालात! माझी पार्टी तर गाडी आणून लोखंड भरेल आणि गावातल्या लोहाराला विकेल. ते कसं थांबवणार?

वीसमुखी

थांबवणार नाही. त्यांनी भरावं. पण इलेरूपची शस्त्रं देवाला दिलेली आहेत, आणि देणाऱ्यांनी ती मोडून दिली ती कुणी परत वापरू नयेत म्हणूनच. जो एखादी वस्तू घेईल त्याच्या वाट्याला तो नवस येतो. तिन्हीसांजेला रणशेष मैदानात उठायचा तो त्याच्या गाडीत उठेल. लोहाराला विकली तर लोहाराच्या भट्टीत. वस्तू तळ्यात परत टाकली की संपलं, फक्त टाकण्याआधी ती मोडावी लागेल. त्यांच्या हातात +१ (जादूची) तलवार आली असेल तर तीसुद्धा.

शमी

आणि पॅलाडिनने (देवाला वाहिलेला योद्धा) चांदीची वाटी स्वतःसाठी न घेता देवळात दिली तर? दुसऱ्या देवाच्या?

वीसमुखी

प्रश्न फार चांगला आहे. तळ्याच्या देवाचा हक्क पहिला, असं धरतोय. पॅलाडिनला रिलिजन चेक, डीसी १५. जमला तर त्याच्याच देवाकडून स्वप्नात कळेल की हे माझं नाही, परत कर. नाही जमला तर रणशेष देवळात उठेल, पण तिथे तो कुणावर वार करणार नाही, चांदीची वाटी उचलून तळ्याच्या दिशेने चालायला लागेल. वाटेत गाव आहे. लोकांना मधून बाजूला काढणं एवढंच पार्टीचं काम. रविवारी हाच अवतार आधी खेळवतोय. स्टॅट ब्लॉक त्यानंतर तिन्ही अवतारांसकट इथेच टाकतो.